बटणामागचा ओहम : नव्या स्टिरिओवर स्टिअरिंगची बटणे चालू ठेवताना

कंपनीचा स्टिरिओ काढून बाहेरचा टचस्क्रीन बसवला की गाणी लागतात, नकाशा दिसतो, पण स्टिअरिंगवरची बटणे मुकी होतात. दुकानात बहुतेकदा उत्तर मिळते, "ती आता विसरा." विसरायची गरज क्वचितच असते. ती बटणे स्टिरिओला नेमके काय कळवतात ते आधी मोजावे लागते, आणि त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

आपल्याकडच्या अनेक लहान गाड्यांत आवाज वाढवायचे बटण 'आवाज वाढव' असा कोणताही संदेश पाठवत नाही. प्रत्येक बटणामागे वेगळ्या किमतीचा रोध (वीजप्रवाहाला अडवणारा भाग, रेझिस्टर) असतो; तो ओहममध्ये मोजतात. बटण दाबले की तो रोध एका तारेला ग्राउंडशी, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूशी, जोडतो. स्टिरिओ स्वतःकडून त्या तारेवर एका रोधातून ५ व्होल्ट देत असतो (काहींत ३.३). या रोधाला पुल-अप म्हणतात. बटण मोकळे असताना तारेवर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. दाबले की दोन रोधांत विभागणी होऊन व्होल्ट उतरतात. स्टिरिओ फक्त तो आकडा वाचतो. त्यामुळे पाच-सहा बटणांना एकच तार पुरते. ही काटकसर मुद्दाम केलेली आहे. फिरत्या स्टिअरिंगमधून तारा बाहेर आणणारी क्लॉक स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली चपटी पट्टी असते. हॉर्न आणि एअरबॅगच्या तारा तिच्यातूनच जातात, आणि तिथे जागा मोजकीच असते.

उदाहरणादाखल पुल-अप १,००० ओहम धरा. ८२ ओहमचे बटण दाबल्यावर ५ × ८२ ÷ १,०८२, म्हणजे ०.३८ व्होल्ट मिळतात. शेजारचे बटण १५० ओहमचे असेल तर ०.६५. आता एखाद्या ढिल्या जोडणीत ५० ओहम जास्तीचे शिरले, तर पहिले बटण ०.५८ व्होल्ट दाखवते. हा आकडा दुसऱ्या बटणाच्या जवळचा आहे, म्हणून आवाज वाढवायला गेलात की गाणे बदलते. तेच ५० ओहम ३,३०० ओहमच्या बटणात मिसळले तर ३.८४ चे ३.८५ होतात, कुणाला कळतही नाही. म्हणून एक-दोनच बटणे चुकत असतील आणि ती कमी ओहमची असतील, तर स्टिरिओला दोष देण्याआधी जोड तपासा. तारा पिळून वर टेप गुंडाळलेला जोड उन्हात तापलेल्या डॅशबोर्डमागे टिकत नाही. टेपचा गोंद पाघळतो, तांबे काळे पडते. सोल्डर किंवा क्रिम्प (धातूच्या टोपणात दाबून पक्के) करून वर हीट-श्रिंक, म्हणजे उष्णतेने आवळणारी, नळी चढवा. त्याहून चांगले म्हणजे गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर-हार्नेस (कपलर म्हणजे प्लग लावलेला तारांचा जुडगा) घ्या, म्हणजे मूळ वायरिंगला पक्कड लागणारच नाही.

मोजायचे असे : बॅटरीची ऋण तार काढा, जुन्या स्टिरिओचा कपलर सोडवा, मीटर ओहमवर ठेवा. गाडीच्या वायरिंग आकृतीत दाखवलेली स्टिअरिंगची तार आणि तिचा ग्राउंड यांवर टोके लावून प्रत्येक बटण दाबा, आकडे कागदावर लिहा. स्टिअरिंग डावी-उजवीकडे पूर्ण फिरवूनही बघा. आकडा उड्या मारत असेल तर क्लॉक स्प्रिंग थकली आहे. स्टिअरिंग स्वतः उघडू नका, आत एअरबॅगचा स्फोटक भाग असतो. या कामासाठी ते उघडावे लागतही नाही.

नव्या स्टिरिओला या बटणांसाठी बहुधा की-१, की-२ आणि ग्राउंड अशा तीन तारा असतात. एका तारेवर आवाज आणि गाण्यांची बटणे, दुसरीवर फोनची, अशी वाटणी अनेकदा दिसते. ग्राउंडकडे मात्र सर्वाधिक लक्ष द्या. बटणांचा ग्राउंड स्टिरिओच्या मुख्य काळ्या (ग्राउंडच्या) तारेला वाटेत कुठेतरी जोडू नका. मोठ्या आवाजात त्या तारेतून १० अँपिअर वाहिले आणि तिचा रोध नुसता ०.०२ ओहम असला, तरी ०.२ व्होल्टचा फरक पडतो. हळू आवाजात नीट चालणारी बटणे गाणे जोरात लावल्यावर चुकतात, त्याचे कारण बहुधा हेच.

मग सेटिंगमध्ये स्टिअरिंग लर्निंग उघडून एकेक बटण शिकवा. इंजिन चालू ठेवून शिकवा, कारण गाडी वापरताना विजेची परिस्थिती तीच असते. दोन बटणे एकच समजली जात असतील तर पुल-अप जुळत नाही. तो १०,००० ओहमचा असेल, तर आधीच्या उदाहरणातली ८२ आणि १५० ओहमची बटणे ०.०४ आणि ०.०७ व्होल्टवर येऊन एकमेकांना चिकटतात. काही स्टिरिओंत पुल-अप बदलायची सोय असते. नसेल तर मध्ये वेगळा अडॅप्टर लागतो.

बटणे दाबूनही ओहम हललेच नाहीत, आणि कपलरमध्ये एकमेकींना पिळलेल्या दोन तारा दिसल्या, तर प्रकरण वेगळे आहे. ती कॅन बस, बॉशने १९८६ मध्ये जाहीर केलेली पद्धत. इथे खरोखरच संदेश धावतात. शांत असताना दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट, संदेशाच्या वेळी एक ३.५ कडे चढते, दुसरी १.५ कडे उतरते. या तारा की-१ला कधीही जोडू नका. पुल-अपमुळे बसवरची बोलणी बिघडतात आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचे दिवे लागू शकतात. इथे त्या मॉडेलसाठीचा कॅन डीकोडर, म्हणजे हे संदेश स्टिरिओला समजावणारी डबी, हाच हवा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या अनेक गाड्यांत चावी फिरवल्याची खबरही बसवरूनच येते, कपलरमध्ये एसीसीची (चावी फिरवल्यावर वीज देणारी) वेगळी तार नसते. ती डीकोडर तयार करून देतो.

नव्या स्टिरिओची पिवळी तार कायम १२ व्होल्टची, लाल चावीची (चावी फिरवल्यावरच वीज मिळणारी). या उलट्या लागल्या तर गाडी बंद केली की शिकवलेली बटणे आणि रेडिओची स्टेशने पुसली जातात. लालही कायम पुरवठ्याला जोडली तर स्टिरिओ झोपतच नाही. ३०० मिलिअँपिअर सतत ओढले गेले, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पाचएक दिवसांत रिकामी होते, आणि स्टार्टर त्याच्या बराच आधी दगा देतो. गाडी लॉक करून अर्ध्या तासाने बॅटरीच्या ऋण तारेत मीटर घालून पाहा. साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी दिसायला हवेत. स्पीकरची ऋण तार बॉडीला लावायची चूकही टाळा. आजच्या स्टिरिओंत त्या तारेवरही सुमारे ६ व्होल्ट असतात, आणि ती ग्राउंड झाली की अँप्लिफायरची चिप जळू शकते.

डॅशबोर्डचे क्लिप बसवण्याआधी इंजिन चालू करा, हेडलाइट आणि एसी लावा, आवाज वाढवा, स्टिअरिंग पूर्ण फिरवत प्रत्येक बटण दाबून पाहा.