पार्श्वभूमी : देशाबाहेरचे रशियन पत्रकार आणि युक्रेन युद्धाची मुळे

युक्रेनवर हल्ला होऊन जेमतेम आठवडा उलटला होता. 4 मार्च 2022 रोजी रशियात कायदा झाला : लष्कराबद्दल 'खोटी माहिती' पसरवल्यास 15 वर्षांपर्यंत तुरुंगवास. खोटे काय, हे अर्थातच सरकार ठरवणार. शेकडो पत्रकारांनी देश सोडला आणि रिगा, बर्लिन, अ‍ॅमस्टरडॅममधून काम सुरू केले. आघाडीवरच्या बातम्यांबरोबर त्यांच्यातले काही इतिहासाकडे वळले, कारण युद्धाची वकिली इतिहासाच्याच नावाने झाली होती. रशियन आणि युक्रेनियन हे एकच लोक, असा दीर्घ लेख पुतिन यांनी जुलै 2021 मध्ये स्वतः लिहिला होता.

या वादात 1654 साल वारंवार येते. पोलंडशी लढणाऱ्या युक्रेनमधल्या कोसॅक या लढवय्या समाजाचा सरदार बोहदान ख्मेलनित्स्की याने पेरेयास्लाव्ह येथे रशियाच्या सम्राटाचे, म्हणजे झारचे संरक्षण स्वीकारले. झारच्या वतीने तुम्हीही शपथ घ्या, असे कोसॅकांनी त्याचा दूत बुतुर्लिन याला सांगितले. त्याने साफ नकार दिला. झार आपल्या प्रजेपुढे शपथ घेत नसतो! एक बाजू करार करत होती, दुसरी प्रजा मिळवत होती. पुढच्या साडेतीनशे वर्षांचे भांडण त्या एका नकारात दिसते, असे मला वाटते. सोव्हिएत पाठ्यपुस्तकांत मात्र या घटनेचे नाव दोन लोकांचे 'पुनर्मीलन' असे झाले. 1954 मध्ये सोव्हिएत संघातच क्रिमिया द्वीपकल्प रशियाकडून युक्रेनला जोडला गेला, तेव्हा निमित्त याच घटनेच्या त्रिशताब्दीचे होते.

हद्दपारीतून या प्रश्नाला हात घालणारे आजचे पत्रकार पहिले नव्हेत. एकोणिसाव्या शतकातले रशियन लेखक अलेक्झांडर हर्झेन लंडनहून 'कोलोकोल' हे नियतकालिक काढत. ते चोरून रशियात पोहोचे आणि दरबारातही वाचले जाई. युक्रेनला ना पोलंडचे व्हायचे असेल ना रशियाचे, तर त्याला स्वतंत्र मानावे, असे त्यांनी 1859 मध्येच लिहिले. तोवर वाचक टिकून होते. 1863 मध्ये पोलंडमध्ये रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला, हर्झेन पोलिश बंडखोरांच्या बाजूने उभे राहिले आणि सुमारे 2500 चा खप 500 वर आला. झारवर टीका चालत होती, साम्राज्यावर नाही. त्याच वर्षी गृहमंत्री वालुयेव यांनी युक्रेनियन भाषेतली धार्मिक आणि शालेय पुस्तके छापायला बंदी घातली. 1876 मध्ये ती आणखी कडक झाली.

सोव्हिएत काळात 1932-33 च्या दुष्काळात युक्रेनमध्ये लाखो शेतकरी उपासमारीने मेले. सरकार धान्यवसुली करतच राहिले. डिसेंबर 1991 च्या सार्वमतात युक्रेनच्या 90 टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याला कौल दिला. क्रिमियातही ते प्रमाण 54 टक्के होते, ही गोष्ट मॉस्कोत सोयीस्करपणे विसरली जाते. 1994 च्या बुडापेस्ट करारात अण्वस्त्रांच्या बदल्यात युक्रेनच्या सीमा मान्य करणाऱ्यांत रशियाही होता. 2014 मध्ये त्याने क्रिमिया घेतला.

देशाबाहेरच्या पत्रकारांमधला खरा वाद यापुढचा आहे. हे एकट्या पुतिन यांचे युद्ध, की साम्राज्याच्या सवयीचे? पहिले उत्तर रशियन वाचकाला पचते. दुसरे देणाऱ्यांवर 'रशियाद्वेष्टे' असा शिक्का बसतो, आणि आमचा इतिहास पुन्हा रशियन माणसानेच का सांगावा, असे अनेक युक्रेनियन त्यांनाही विचारतात.