असण्याची जाणीव : विचार बंद पडावे लागत नाहीत

आमच्या विदर्भातल्या गावांत सप्ताहाच्या मांडवात एक समज वर्षानुवर्षे ऐकू येतो: आपल्या असण्याची जाणीव म्हणजे विचार पूर्ण बंद होणं, मिटल्या डोळ्यांपुढे उजेड दिसणं. मग निंदणाला जाणाऱ्या बाईला वाटतं, हे आपल्यासाठी नाहीच. हा समज चुकीचा आहे. त्यापायी चांगली माणसं निराश होतात, याचं मला फार वाईट वाटतं.

अद्वैत म्हणजे जीव आणि ब्रह्म दोन नाहीत असं मानणारा विचार. तो सांगतो ते वेगळंच. विचार आला हे कळतं, गेला हेही कळतं. कपाशीवर बोंडअळी पडल्याची काळजी कळते, रात्री ती विसरल्याचंही सकाळी कळतं. हे सगळं ज्याला कळतं, ते असणं काळजीच्या आधीही होतं. 'मी आहे' हे पटायला आरसा लागत नाही की साक्षीदार. उजेड दिसलाच, तर तोही येऊन जाणारा अनुभव. तो कोणाला दिसला, तिकडे लक्ष वळवायचं.

मात्र हे 'मी आहे' म्हणजे 'मी पाच एकरांचा धनी' नव्हे. नाव, जात, वावर हे सगळं मागून चिकटलेलं.

घर सोडावं लागतं, हीही तशीच समजूत. निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) मुंबईत विड्यांचं दुकान चालवणारे संसारी गृहस्थ. गुरूंच्या सांगण्यावरून त्यांनी 'मी आहे' एवढ्यावरच लक्ष धरलं. आपल्या अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच अंध झाले, तरी अद्वैत आणि भक्ती दोन्ही शिकवत राहिले. धुऱ्यावर शिदोरी सोडतानाही हे लक्ष ठेवता येतं. हातातलं काम थांबवावं लागत नाही.