एका ब्रेकची किंमत : हायब्रिड मोटार कोणत्या रस्त्यावर परवडते?

ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गृहसंकुलाच्या सभेत चार्जिंगच्या सोयीचा विषय निघाला, तेव्हा हायब्रिड मोटार घेऊ पाहणाऱ्या एका शेजाऱ्यांनी स्वतःसाठीही एक जोडणी मागितली. हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाला विद्युत मोटारीची जोड दिलेली गाडी, आणि आपल्याकडे सर्रास विकल्या जाणाऱ्या अशा गाड्यांना प्लग नसतोच, हे त्यांना ठाऊक नव्हते. या गाडीतील बॅटरी लहान असते, अनेकदा एक किलोवॅट-तासापेक्षाही कमी क्षमतेची, आणि तिच्यातील सगळी ऊर्जा मुळात टाकीतल्या पेट्रोलमधूनच येते. मग पेट्रोल वाचते कसे आणि त्यासाठी दोनेक लाख रुपये जास्त का मोजायचे, हा त्यांचा पुढचा प्रश्न मात्र अगदी रास्त होता.

माणसांसह 1200 किलो वजनाची गाडी ताशी 50 किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे 116 किलोज्यूल असते. साध्या गाडीत ब्रेक दाबला की ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या चकत्या तापवण्यात जाते. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास 32 हजार किलोज्यूल असतात, पण शहरातील रखडत्या वाहतुकीत इंजिन त्यातील फार तर पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचवते असे धरू. म्हणजे पुन्हा 50चा वेग गाठायला सुमारे 18 मिलिलिटर पेट्रोल लागते. लिटरला 104 रुपये दर धरला, तर एका लाल दिव्याची किंमत झाली 1 रुपया 90 पैसे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे 30च्या वेगावरून थांबल्यास हीच किंमत 70 पैशांच्या आत येते. हायब्रिड गाडीत ब्रेक दाबताच विद्युत मोटार जनित्र बनते, चाकांना रोखता रोखता बॅटरी भरते, आणि येण्याजाण्यातील गळती वजा जाता यातील निम्म्याच्या आसपास ऊर्जा पुन्हा कामी येते असे समजायला हरकत नाही.

खरी गंमत याच्याही पुढे आहे. पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता मध्यम ते जड भारावर सर्वाधिक असते आणि रांगताना ती कोसळते. त्यामुळे कापूरबावडीच्या कोंडीत हायब्रिड गाडी विद्युत मोटारीवर सरकते आणि इंजिन बंद राहते. ते सुरू होते तेव्हा त्याच्याकडून भरपूर भार उचलून घेतला जातो आणि उरलेली शक्ती बॅटरीत साठवली जाते. शिवाय अशा इंजिनात बहुधा अ‍ॅटकिन्सन पद्धत वापरतात. तीत आत घेणारी झडप उशिरा मिटते, त्यामुळे दाबाच्या टप्प्यापेक्षा प्रसरणाचा टप्पा परिणामतः लांब होतो आणि एरवी धुरांड्यातून निसटणारी उष्णता अधिक प्रमाणात कामाला लागते. अशा इंजिनाला कमी वेगात जोर कमी पडतो. ती उणीव विद्युत मोटार भरून काढते. इंधननळीला चुंबक लावून किंवा बॉनेटखाली पाण्याची बाटली बसवून मायलेज वाढवणारे जे 'शोध' आपल्या फोनवर येत असतात, त्यांच्यात आणि यात हाच फरक आहे की इथे ऊर्जेच्या प्रत्येक ज्यूलचा हिशेब देता येतो.

आता पैशांकडे वळू. लिटरमागे किती किलोमीटर, हा आकडा फसवा असतो. शंभर किलोमीटरला किती लिटर, असे विचारावे. कोंडीत साधी गाडी लिटरमागे 12 आणि हायब्रिड 20 किलोमीटर देते असे धरले, तर वर्षाला 12 हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे 400 लिटर, म्हणजे 41,600 रुपये वाचतात, आणि दोन लाखांचा फरक पाच वर्षांच्या आत भरून निघतो. नवी मुंबईतील पाम बीच रस्त्यासारख्या मोकळ्या मार्गावर हेच आकडे 18 आणि 22 असतील, तर बचत जेमतेम 12,600 रुपये होते. वाढीव दोन लाख नऊ टक्क्यांच्या कर्जाने घेतले असतील, तर पहिल्या वर्षाचे व्याजच 18 हजारांच्या घरात जाते.

पेट्रोल महागले की हा हिशेब हायब्रिडच्या बाजूने झुकतो. 2008 साली कच्चे तेल पिंपाला 147 डॉलरपर्यंत चढले, तेव्हा अमेरिकेत टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड गाडीसाठी प्रतीक्षायाद्या लागल्या. 2014नंतर तेल घसरले आणि तिथे तिची मागणीही ओसरली. आपल्याकडे हा लंबक करांमुळे अडतो. मे 2020मध्ये जगभर तेल स्वस्त असताना केंद्राने पेट्रोलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे 10 रुपयांनी वाढवले, त्यामुळे ती स्वस्ताई पंपापर्यंत आलीच नाही.

गाडीची किंमतही नुसत्या इंधनाच्या भावावर हलत नाही. विद्युत मोटारीतील चुंबक तापल्यावरही टिकावे म्हणून त्यातील निओडिमियम या धातूत डिस्प्रोसियम हा दुसरा धातू मिसळतात आणि एप्रिल 2025पासून चीनने त्याच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला आहे. त्यातच 22 सप्टेंबर 2025पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर 40 टक्के जीएसटी आहे, तर पूर्ण विद्युत गाडीवर 5 टक्के. म्हणजे गाडीत बसवलेल्या, इंधन वाचवणाऱ्या शंभर रुपयांच्या भागावर ग्राहक चाळीस रुपये कर भरतो आणि राज्याचा वाहन करही टक्केवारीत असल्याने तो त्यावर पुन्हा चढतो. माझ्या मते हे धोरण उलटे आहे.

शेजाऱ्यांचे कार्यालय ऐरोलीला आहे आणि रोजचा अर्धा वेळ कासारवडवली ते माजिवडा या टप्प्यात जातो, त्यामुळे त्यांना ही गाडी परवडेल असे मी सांगितले. मेट्रो सुरू होऊन तो रस्ता मोकळा झाला तर, असे त्यांनी विचारले. तसे झाले, तर साध्या गाडीचेही पेट्रोल वाचू लागेल आणि त्यांचे दोन लाख वसूल व्हायला आणखी काही वर्षे लागतील.