शाब्ली: बर्फाने वाचवलेली द्राक्षे

शाब्ली या फ्रेंच व्हाइट वाइनबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते, ती म्हणजे तिच्यात दगडाची चव उतरते. पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे १८० किलोमीटरवर, सरॅन नदीच्या दोन्ही बाजूंच्या उतारांवर हे मळे आहेत. खाली साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचे चुनखडी आणि चिकणमातीचे थर आहेत. ढेकूळ फोडले तर नखाएवढ्या, स्वल्पविरामासारख्या वाकड्या शिंपल्यांचे जीवाश्म दिसतात. पण ती चव या शिंपल्यांतून येत नाही. मुळे पाण्यात विरघळलेले क्षार शोषतात, खडक नव्हे. या जमिनीचे खरे काम वेगळे आहे: जादा पाण्याचा निचरा होतो आणि चिकणमाती उन्हाळ्यापुरती ओल धरून ठेवते.

शाब्लीचा धारदार आंबटपणा मुख्यतः थंडीचा. द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक ही दोन प्रमुख आम्ले असतात. ऊब मिळाली की पिकणारे मणी श्वसनात मॅलिक आम्ल जाळून टाकतात. थंड हवेत ते बरेचसे शिल्लक राहते. पुढे तळघरात बहुतेक उत्पादक जिवाणूंकरवी या मॅलिकचे सौम्य लॅक्टिक आम्ल करून घेतात. तरीही टार्टारिकला धक्का लागत नसल्याने वाइन आंबटच राहते. तीच थंड हवा एप्रिलमध्ये मात्र मुळावर उठते.

इथे एकच जात चालते, शार्दोने, आणि तिचे डोळे लवकर फुटतात. हिरव्या कोवळ्या फुटव्याला उणे २ अंशांच्या आसपासची थंडी मारक ठरते. तो गेला तर शेजारचा राखीव डोळा फुटतो, पण त्यावर घड कमी लागतात.

बचावाचा सर्वात चमत्कारिक वाटणारा उपाय म्हणजे वेलींवर रात्रभर पाणी फवारून त्यांना बर्फात गोठवणे. पाण्याचे बर्फ होताना दर किलोमागे ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. पाणी सतत गोठत राहिले तर आतल्या फुटव्याचे तापमान शून्याच्या आसपास टिकते. बर्फ ऊब देतो असे नव्हे, गोठण्याची क्रिया ऊब देते. म्हणून खंड पडून चालत नाही. लागणारे पाणी हेक्टरी तासाला ३० ते ४० हजार लिटर. बेन गावाजवळचा कृत्रिम तलाव याच कामासाठी आहे.

सगळी कसोटी वेळेची. पारा शून्याखाली जाण्याआधीच फवारे सुरू करावे लागतात. हवा कोरडी असेल तर आणखी लवकर, कारण सुरुवातीला बाष्पीभवन होते आणि एक किलो पाणी वाफ होताना, ते गोठताना सोडते त्याच्या सुमारे साडेसात पट उष्णता खेचून घेते. मध्यरात्री पंप बंद पडला तर ओला फुटवा कोरड्या फुटव्यापेक्षा जास्त गारठतो. अशा अर्धवट फवारणीपेक्षा न फवारलेले बरे. बर्फ काचेसारखा पारदर्शक असेल तर पाणी पुरते आहे. तो दुधाळ, पांढरट दिसू लागला तर कमी पडते आहे. सूर्य उगवला म्हणून लगेच नळ बंद करायचे नाहीत, बर्फ आपोआप वितळून सुटू लागेपर्यंत थांबायचे.

जिथे पाणी पोहोचत नाही तिथे पॅराफिनचे डबे पेटवतात, हेक्टरी ३०० ते ४००. खर्च आणि मेहनत दोन्ही भारी. निरभ्र, शांत रात्री जड गार हवा खाली साचते आणि थोड्या उंचीवर ऊबदार थर असतो. डब्यांची उष्णता त्या थराखाली अडून राहते, आणि पंख्यांनी तो थर खालीही ओढता येतो. ध्रुवीय वारा सुटला तर असा थरच उरत नाही आणि डब्यांची ऊब वाऱ्यावर जाते. मग हाती उरते ती आधीच केलेली तजवीज: छाटणी मार्चपर्यंत लांबवणे, म्हणजे डोळे काही दिवस उशिरा फुटतात.