स्कोप 1, 2, 3 आणि चक्रीय अर्थव्यवस्था : बेळगाव सीमाभाग

एखादा कारखाना किंवा संस्था हवेत किती कार्बन सोडते याचा हिशोब तीन खात्यांत मांडतात, त्यांनाच स्कोप म्हणतात. ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल म्हणजे उत्सर्जन मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत, तिचं कंपन्यांसाठीचं मानक 2001 साली आलं, तेव्हापासून ही वाटणी रुळली. स्वतःच्या आवारात जळतं ते स्कोप 1, विकत घेतलेल्या विजेचं स्कोप 2, बाकी सगळं म्हणजे कच्चा माल, बाहेरची वाहतूक, कामगारांचं येणंजाणं, विकलेल्या मालाचा वापर हे स्कोप 3, त्याचे 15 प्रकार.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणारा कारखाना घ्या. क्युपोला म्हणजे उभी भट्टी असेल तर कोक (भाजलेला दगडी कोळसा) जळतो, तो स्कोप 1. विजेवरच्या इंडक्शन भट्टीला धूर दिसत नाही म्हणून प्रदूषणच नाही असं बरेचजण धरून चालतात, पण एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट लागतात आणि ग्रीडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, बहुतेक कोळशाच्या वीजकेंद्रात, म्हणजे टनामागे 400 किलोच्या वर नुसतं वितळवण्यातच गेलं. पिग आयर्न, म्हणजे खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड, विकत आणलं तर ते बनवतानाचं उत्सर्जन स्कोप 3. आणि हेच कास्टिंग (ओतीव भाग) पुण्याच्या गाडी कंपनीला गेलं की फाउंड्रीचा हा सगळा हिशोब त्या कंपनीच्या स्कोप 3 मध्ये जाऊन बसतो. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिने बाजारमूल्याने पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर हा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय, त्या कंपन्या पुरवठादारांकडे आकडे मागू शकतात, म्हणून छोट्या फाउंड्रीवाल्यांनीही वीजबिलं आणि कोकच्या पावत्या आत्तापासून नीट लावून ठेवाव्यात, हे मनापासून सांगणं आहे.

चक्रीय अर्थव्यवस्था म्हणजे टाकाऊ माल परत वापरात फिरवणं. चिकोडी, अथणीकडच्या साखर कारखान्यांत हे जुनंच आहे, उसाच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के बगॅस (चिपाड) निघतो तो बॉयलरमध्ये, मळीचं इथेनॉल, प्रेसमड म्हणजे रस गाळून उरलेला गाळ शेतात. बगॅस जळून निघालेला कार्बन डायऑक्साइड तिन्ही स्कोपच्या बाहेर वेगळा दाखवतात, पण त्यातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड स्कोप 1 मध्येच येतो, इथं हमखास गल्लत होते.

फाउंड्रीत रनर-रायझर, म्हणजे ओतताना कास्टिंगला चिकटून राहिलेले जादा लोखंडी तुकडे, परत भट्टीत जातातच, खरं काम उरलंय साच्याच्या वाळूचं. बेंटोनाइट मातीने बांधलेली ओलसर वाळू, म्हणजे ग्रीन सँड, पुन्हापुन्हा वापरतात, पण कास्टिंगच्या आतली पोकळी ठेवणाऱ्या कोअरची वाळू रेझिनने चिकटवलेली असते, ती परत वापरायला बहुतेकदा तापवून रेझिन जाळावं लागतं, तो प्लांट एकट्याला परवडत नाही, चार-पाच फाउंड्रींनी मिळून उभारला तर नवी वाळूही कमी लागेल आणि ती आणणाऱ्या ट्रकचं डिझेलही.