त्वचा-डिंक

कापलेल्या त्वचेच्या कडा सुई-दोऱ्याशिवाय जुळवून धरणारा वैद्यकीय डिंक. दवाखान्यात याला नुसते ‘ग्लू’ म्हणतात. रसायन सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे चपलेचा तुटलेला अंगठा चिकटवणाऱ्या फेव्हिक्विकच्याच कुळातले. १९४२ साली बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर यांना ते सापडले आणि दिसेल त्याला चिकटते म्हणून बाजूला पडले. १९५१ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीत हाच दोष कामाचा ठरला. व्हिएतनाम युद्धात रक्त थांबवायला ते जखमांवर फवारले गेले. मात्र घरगुती डिंकाचे रेणू आखूड असतात. ते घट्ट होताना जास्त तापतात, लवकर विघटतात आणि पेशींना इजा करतात. जखमेसाठी लांब रेणूंची ब्युटिल व ऑक्टिल सायनोअ‍ॅक्रिलेट वापरतात. ऑक्टिलला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली.

हा डिंक सुकून नव्हे, ओलाव्याने घट्ट होतो. त्यामुळे कोकणच्या दमट हवेत तो ‘धरणार नाही’ ही शंका उलटीच आहे. वाहते रक्त मात्र आधी थांबायला हवे.

त्याचा खरा गिऱ्हाईक म्हणजे चिऱ्याच्या पायरीवर कपाळ आपटून आलेले पोर. खोक धुऊन जांभ्याची लाल माती काढतात. घरून भरून आणलेली हळद किंवा चहाची पूड असेल तर तीही. मग डॉक्टर दोन बोटांनी कडा जुळवतात आणि वरून पातळ थर देतात. डिंक फटीत उतरता कामा नये, तो वरच राहायचा. जरा ऊब लागते, पोर दचकते, मिनिटभरात काम झालेले असते. भुलीची सुई नाही, आणि पाच ते दहा दिवसांत पापुद्रा आपोआप सुटत असल्याने टाके काढायला वाडीवरून पुन्हा एसटी पकडणे नाही. डोक्यावरच्या लहान खोकेला तर दोन्ही बाजूंच्या केसांच्या बटा एकमेकींत पिळून पिळावर थेंब टाकला तरी भागते.

पण किनाऱ्यावरच्या बऱ्याचशा जखमा याच्या कामाच्या नाहीत. नारळ सोलताना तळहातावर बसलेला कोयता, विळीने सांध्यावर कापलेले बोट: तिथे त्वचा सतत ताणली जाते आणि कडा उसवतात. शिवाय खोल घावात कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, तुटलेली असू शकते. खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, कालवे (शिंपले) काढताना तळव्याला लागलेली धार त्याहून वाईट. खाऱ्या पाण्यातले व्हिब्रिओसारखे जंतू आत कोंडले जातात; अशी जखम धुऊन बहुधा उघडीच ठेवतात. कुत्रा चावलेल्या जागी, ओठाच्या आतल्या बाजूला हा डिंक लावत नाहीत. डोळ्याजवळ फार जपून. ओघळला तर पापण्या चिकटतात. धनुर्वाताचे इंजेक्शन टाक्यांप्रमाणेच इथेही पाहावे लागते.

अंगावरून पाणी गेले तर बिघडत नाही, पण भिजत ठेवायचे नाही; मासे साफ करणे, खाडीत उतरणे तेवढे दिवस बंद. घरी सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो तेलाने. खपली दिसली की आजी खोबरेल चोळायला बसते, आणि तेलाने किंवा व्हॅसलीनने हा पापुद्रा जखम भरण्याआधीच सैल होऊन निघतो.