कामाची पोच

चार वर्तुळांचे एक चित्र समाजमाध्यमांवर सतत फिरत असते. तुम्हाला काय आवडते, काय जमते, जगाला कशाची गरज आहे आणि पैसे कशाचे मिळतात, ही ती चार वर्तुळे. चारही जिथे एकमेकांवर येतात तो म्हणे तुमचा 'इकिगाई', म्हणजे जगण्याचे कारण, जपान्यांचे प्राचीन गुपित. हे चित्र मुळात जपानी नाहीच. ते आंद्रेस झुझुनागा या स्पॅनिश ज्योतिषाचे. २०१४ मध्ये मार्क विन या ब्लॉगलेखकाने मधला शब्द काढून तिथे 'इकिगाई' लिहिले आणि चित्र जगभर गेले. जन्मतारखेवरून करिअर सांगणाऱ्यांना हसणारी मंडळीही हे चित्र भक्तिभावाने पुढे पाठवतात, ही त्यातली गंमत.

पण खरी अडचण चित्राच्या उगमात नाही. आयुष्याचा अर्थ कुठेतरी तयार पडून आहे, योग्य काम सापडले की तोही सापडेल, हे जे त्यात गृहीत धरले आहे ते तपासून पाहायला हवे. १९९७ मध्ये एमी रेझ्नेस्की आणि सहकाऱ्यांनी १९६ नोकरदारांना विचारले, तुम्ही आपल्या कामाकडे कसे पाहता: पगारापुरती नोकरी, बढतीची शिडी, की व्रत? तिन्ही उत्तरे देणारे साधारण सारख्याच संख्येने निघाले. त्यांत २४ जण एकाच हुद्द्यावरचे, महाविद्यालयांतले प्रशासकीय सहायक होते. एकसारखे काम करणाऱ्या या २४ जणांतही वाटणी जवळपास तशीच पडली. म्हणजे अर्थ हुद्द्याला चिकटलेला नसतो.

मग तो येतो कुठून? स्वभावाचा वाटा आहेच. पण ज्यावर प्रयोग करता येतात आणि ज्यात थोडी दुरुस्तीही करता येते असा एक घटक आहे: केलेल्या कामाचे पुढे काय झाले, हे करणाऱ्यापर्यंत परत येते का? याला आपण कामाची पोच म्हणू.

पोचेची किंमत थेट पैशांत मोजणारा एक प्रयोग डॅन एरिअली, एमिर कामेनिका आणि ड्राझेन प्रेलेक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची रचना सावकाश पाहण्यासारखी आहे. विद्यार्थ्यांना अक्षरांनी भरलेला कागद द्यायचा. त्यात लागोपाठ आलेल्या 'एस' अक्षरांच्या १० जोड्या शोधायच्या. पहिल्या कागदाचे ५५ सेंट, दुसऱ्याचे ५०, तिसऱ्याचे ४५, असे दर वेळी ५ सेंट कमी. बाराव्या कागदाला काहीच नाही. वाटेल तेव्हा थांबायची मुभा. मोबदला उतरता ठेवण्यामागे युक्ती आहे. माणूस ज्या कागदावर थांबतो, त्यावरून 'याहून कमी पैशांत मी हे करणार नाही' ही त्याची रेषा कळते. 'काम अर्थपूर्ण वाटले का?' असे विचारले असते तर बरे दिसणारे उत्तर मिळाले असते. इथे उत्तर पायांनी दिले जाते, उठून जाऊन.

तीन गट केले होते. पहिल्यात विद्यार्थी कागदावर नाव लिहायचा. प्रयोग घेणारा तो कागद वरपासून खालपर्यंत नजरेखालून घालून फाइलला लावायचा. दुसऱ्या गटात नाव नाही, आणि कागद न पाहताच गठ्ठ्यावर ठेवला जायचा. तिसऱ्यात तो विद्यार्थ्यासमोरच श्रेडरमध्ये, म्हणजे कागदाचे तुकडे करणाऱ्या यंत्रात, जायचा. पहिल्या गटाने सरासरी ९.०३ कागद केले, दुसऱ्याने ६.७७ आणि तिसऱ्याने ६.३४.

आता हिशेब करा. क्रमांक 'क' असलेल्या कागदाची मजुरी ६० वजा ५ गुणिले क. नवव्या कागदाच्या आसपास थांबणारा सुमारे १५ सेंटपर्यंत काम करायला तयार होता. श्रेडरवाला सुमारे २८ सेंटलाच उठला आणि दुर्लक्षित गटातला २६ सेंटला. एका नजरेने कामाची किंमत जवळपास निम्म्यावर आणली. त्याहून लक्षात ठेवण्याजोगे अंतर शेवटच्या दोन गटांतले आहे: ते फारच थोडे आहे. काम डोळ्यांदेखत नष्ट करणे आणि त्याकडे नुसते न पाहणे, दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखा. शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या गटाला फसवणूक करणे सोपे होते. कागद कुणी तपासतच नव्हते, जोड्या न शोधताही पैसे मिळाले असते. पैसा हेच एकमेव कारण असते तर या दोन गटांनी सगळ्यात जास्त कागद भरले असते.

त्याच निबंधात लेगोच्या खेळण्यांचाही प्रयोग आहे. जोडलेली खेळणी समोर मांडून ठेवली तर सरासरी १०.६ जोडली गेली. पुढचे जोडत असताना आधीचे सुटे करून परत दिले, तर ७.२. ज्यांना लेगो मनापासून आवडते त्यांनी पहिल्या गटात जास्त खेळणी जोडली, पण सुटे करणाऱ्या गटात आवडीचा हा फायदा उरलाच नाही. 'आवडीचे काम शोधा' असे सांगणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. (एरिअली सहलेखक असलेला दुसरा एक निबंध, प्रामाणिकपणावरचा, त्यातली आकडेवारी बनावट असल्याचे दिसून आल्यावर २०२१ मध्ये मागे घेतला गेला. वरच्या प्रयोगाशी त्याचा संबंध नाही. तरी एकाच प्रयोगावर इमारत उभी करू नये, म्हणून पुढचा पुरावा वेगळ्या लोकांचा घेऊ.)

मेंदूत याचे काही मूळ आहे का? मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांतून १९९७ पर्यंत एक गोष्ट स्पष्ट झाली होती: मेंदूतले डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशी निव्वळ आनंद मोजत नाहीत, त्या अपेक्षा आणि प्राप्ती यांतली तफावत मोजतात. माकडाला अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की त्या जोरात स्फुरतात. दिव्यानंतर रस येतो हे माकड शिकले की ते स्फुरण दिव्याकडे सरकते. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशी मंदावतात. माकडाच्या रसापासून माणसाच्या कामातल्या अर्थापर्यंत फार लांबची उडी आहे, ती मी मारणार नाही. एवढे मात्र म्हणता येते, की परिणामच कळला नाही तर तुलना कशाशी करायची?

पुढचा पुरावा कामाच्या रचनेचा. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात कोणत्याही कामाची पाच अंगे १ ते ७ गुणांत मोजली: कौशल्यांची विविधता, कामाची सलगता (सुरुवातीपासून शेवटापर्यंत काम आपल्या हातून होते का), इतरांच्या दृष्टीने महत्त्व, स्वायत्तता आणि प्रतिसाद. पहिल्या तिन्हींची सरासरी काढायची, तिला स्वायत्ततेने आणि मग प्रतिसादाने गुणायचे. कमाल गुण ३४३, किमान १. प्रतिसाद म्हणजे साहेबांची शाबासकी नव्हे. काम कसे झाले हे कामातूनच कळणे, हा त्याचा अर्थ.

पाण्याचे नमुने तपासणारा प्रयोगशाळेतला एक तंत्रज्ञ कल्पा. विविधता ४, सलगता २ (नमुना कुठून आला आणि अहवाल कुठे गेला, ठाऊक नाही), महत्त्व ७. सरासरी ४.३३. स्वायत्तता ३, प्रतिसाद १. गुणाकार १३. व्यवस्थापनाने त्याला आणखी यंत्रे शिकवून विविधता ७ वर नेली, तर सरासरी ५.३३ आणि गुण १६. त्याऐवजी दूषित निघालेल्या नमुन्यांवर काय कारवाई झाली हे दर आठवड्याला त्याला कळवले आणि प्रतिसाद १ वरून ४ वर गेला, तर गुण थेट ५२. महत्त्व आधीच पैकीच्या पैकी होते हे विसरू नका. 'तुमचे काम किती मोलाचे आहे' या भाषणाने इथे एकही गुण वाढला नसता.

गुणाकाराबाबत सावध राहायला हवे. नंतरच्या पडताळण्यांत साधी बेरीजही गुणाकाराइतकीच, किंबहुना जास्त चांगली चालली. त्यामुळे १३ आणि ५२ हे आकडे चौपट समाधान असे वाचू नयेत. पाच अंगे मात्र टिकली. २००७ मध्ये २५९ अभ्यास आणि २,१९,६२५ लोकांची माहिती एकत्र केली गेली तेव्हा दिसले, की कामाची अंगे आणि कामाचे फळ यांना जोडणारा सर्वांत भक्कम दुवा 'काम अर्थपूर्ण वाटणे' हाच आहे.

त्याच वर्षी ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांवर प्रयोग केला. देणगीतून शिष्यवृत्ती मिळालेला एक विद्यार्थी त्यांना थोडा वेळ, काही मिनिटेच, भेटला. महिन्याभराने या गटाचा फोनवरचा वेळ १४२ टक्के आणि जमलेली रक्कम १७१ टक्के वाढली होती. ज्यांनी विद्यार्थ्याचे नुसते पत्र वाचले त्यांच्यात असा फरक पडला नाही.

हे आपल्या कामात कसे आणायचे? दोन आठवडे, हातावेगळ्या केलेल्या प्रत्येक कामासमोर तीन गोष्टी लिहा: हे पुढे कुणाकडे गेले, तो याचे काय करणार, आणि ते झाल्याचे मला कसे कळेल. तिसरा रकाना बहुधा रिकामा राहतो. अशा कामांतले एक निवडा आणि ते ज्याच्याकडे जाते त्यालाच गाठा. 'आवडले का?' असे विचारू नका, त्याला उत्तर सौजन्याने मिळते. 'यातले काय वापरले, काय टाकून दिले, कुठे अडले?' असे विचारा. टाकून दिलेला तक्ता पुढच्या वेळी करू नका. शक्य असेल तर वापर प्रत्यक्ष पाहा.

फसते कुठे, तेही ठरलेले आहे. पहिली चूक, फार लांबचा लाभार्थी निवडणे. 'समाज' किंवा 'ग्राहक' कधीच काही कळवत नाही. दुसरी, पोचेच्या जागी आकडा बसवणे. दिवसात किती अर्ज निकाली काढले हे मोजू लागले, की नजर अर्जदारावरून आकड्यावर जाते आणि अवघड अर्ज तळाशी दडपले जातात. तिसरी, पोच पाळतीत बदलणे. माहिती आधी काम करणाऱ्याकडे आणि मग वरिष्ठाकडे गेली पाहिजे. क्रम उलटला की तीच माहिती धाक होते. आणि काही कामांना खरोखरच वापर नसतो. तिसरा रकाना महिनोन्महिने रिकामा राहिला तर तो अहवाल बंद करायचा प्रस्ताव द्यावा. त्यात अर्थ शोधत बसण्यात हशील नाही.

वरचा ५५ सेंटचा हिशेब मालकाच्या बाजूनेही वाचता येतो. मान डोलावली की तेच काम निम्म्या दरात होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बंडरसन आणि थॉम्पसन यांनी १५७ प्राणिसंग्रहालयांतल्या ९८२ प्राणिपालांची पाहणी केली. कामाला व्रत मानणाऱ्यांना ते अधिक अर्थपूर्ण वाटत होते, आणि कमी पगार, वेळेबाहेरचे काम व गैरसोय सोसायलाही तेच अधिक तयार होते. म्हणून लाभार्थ्यांच्या भेटीचा कार्यक्रम पगारवाढीच्या बोलणीच्याच आठवड्यात ठरला, तर भेटीला जरूर जावे आणि बोलणीची तारीख मात्र पुढे ढकलू देऊ नये.